तीन दरपत्रके

नंदाताईंना आजवर कोणी फसवू शकलेलं नाही. फसवणारा कंटाळून निघून जातो.

सरकारी लेखा विभागात उभी हयात काढलेल्या बाईकडून वेगळी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. समोर आलेला कागद खोटा आहे असं धरून चालायचं आणि तो खरा निघालाच तर मनातून थोडं खट्टू व्हायचं, ही त्यांची नोकरी. प्रवासभत्त्याच्या बिलात रिक्षाचे वीस रुपये जास्त लावले असतील तर ते त्यांना पान उलटण्याआधी कळतं. आम्ही डोंबिवलीला एकाच डब्यात चढतो, सीएसएमटीजवळच्या एकाच ऑफिसात एकाच मजल्यावर बसतो, आणि माझी बिलंही त्यांच्या टेबलावरून ‘खुलासा करावा’ असा शेरा घेऊन परत आलेली आहेत. तेव्हा हे ऐकीव नाही.

बाकीची माणसं ऑफिस सुटलं की ऑफिस सोडतात. नंदाताई ते पर्समध्ये घालून घरी आणतात. सरकारी खरेदीला तीन दरपत्रकं लागतात, मग घरच्या खरेदीलाच का नकोत, हा त्यांचा बिनतोड सवाल. कुकरची रिंग असो, पडद्याचं कापड असो की सासूबाईंचं श्रवणयंत्र, तीन ठिकाणचे भाव येतात, वहीत उभ्या-आडव्या रेघा मारून तुलनात्मक तक्ता होतो, खाली शिफारस, आणि आठवडाभरात वस्तू घरात. एकच प्रकरण काही केल्या निकाली निघत नाही. डोक्याला शाम्पू कुठला लावायचा? सलूनमधला साडेआठशेच्या बाटलीतला, की मेडिकलमधला अडीचशेचा?

हे सुरू झालं मुलीच्या साखरपुड्यापासून. तोवर नंदाताई मेंदी लावत आणि महिन्याच्या सामानात जो शाम्पू येईल त्याने केस धूत. मुलीने हट्ट धरला, “आई, फोटोत मेंदीचे लाल केस नकोत, नीट कलर करून घे.” म्हणून मॉलमधल्या सलूनमध्ये जायचं ठरलं आणि साक्षीदार म्हणून मला नेण्यात आलं.

तिथे काळ्या शर्टातल्या एका मुलाने आधी त्यांच्या डोक्याला पेनाएवढा कॅमेरा लावला आणि भिंतीवरच्या पडद्यावर टाळू मोठी करून दाखवली. एवढी मोठी केल्यावर कोणाचीच टाळू बघवत नाही.

“मॅम, स्कॅल्प ऑयली आहे, लेंग्थ ड्राय आहे, आणि बिल्ड-अप खूप आहे.”

नंदाताईंनी पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “हा फोटो माझाच कशावरून?”

मुलगा स्वभावाने गरीब होता. त्याने कॅमेरा काढून पुन्हा लावून दाखवला. मग नंदाताईंनी तो माझ्या डोक्याला लावायला सांगितला. माझीही टाळू तशीच निघाली. “म्हणजे बिल्ड-अप सगळ्यांनाच असतो,” त्या म्हणाल्या, आणि खुर्चीत निवांत टेकून बसल्या. कलर छान झाला, त्याबद्दल त्यांनीही आक्षेप घेतला नाही. खरी सुनावणी बिलाच्या काउंटरवर झाली.

“मॅम, आता घरी साधा शाम्पू बिलकुल चालणार नाही. सल्फेट-फ्री लागेल. नाहीतर तीन आठवड्यांत कलर फेड होईल.”

“तीनच कशावरून?”

“एक्सपीरियन्स आहे, मॅम.”

“किती वर्षांचा?”

“आठ महिने.” मग घाईघाईने, “हे प्रोफेशनल प्रॉडक्ट आहे मॅम, बाहेर मिळतच नाही.”

नंदाताईंनी मोबाइल काढला. तीच बाटली, तेच तीनशे मिली, घरपोच, आणि दीडशे रुपयांनी स्वस्त. मुलाने पाहिलं. “ऑनलाइन डुप्लिकेट असतं, मॅम.”

“असेल. मग तुमची ओरिजिनल आहे एवढं बिलावर लिहून सही करा.”

मुलगा मॅनेजरला बोलवायला गेला. मॅनेजरबाईंनी हसून दहा टक्के सूट देऊ केली, आणि तिथे प्रकरण कायमचं बिघडलं. मागितल्याशिवाय जो दहा टक्के सोडतो, तो किती खात असेल याचा हिशोब नंदाताईंच्या डोळ्यांत सुरू झालेला मला दिसत होता. “लावायचा किती?” त्यांनी जाता जाता विचारलं. मुलगा म्हणाला, मटारच्या दाण्याएवढा पुरे. “कुठला मटार? बाजारातला की फ्रोजन?”

त्या दिवशी त्यांनी बाटली घेतली नाही. तिचे चारही बाजूंनी फोटो घेतले. पहिलं दरपत्रक नस्तीला लागलं.

दुसरं मेडिकलचं. आपल्याकडचं मेडिकल म्हणजे औषधांचं दुकान, हे आता फक्त पाटीवर. आत लहान मुलांचे डायपर, प्रोटीन पावडरी, चॉकलेटं, आणि काउंटरमागे एक अख्खी भिंत शाम्पूंची. स्टेशनरोडच्या मेडिकलवाल्याने नंदाताईंना तीन प्रश्न विचारले. “काकू, कोंडा आहे? केस गळतायत? की नुसते धुवायचेत?”

“नुसते धुवायचेत.”

“मग कुठलाही न्या.”

या विषयावर इतकं प्रामाणिक उत्तर मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. नंदाताईंनी ते साफ नामंजूर केलं. “कुठलाही म्हणजे काय? विकणारा माणूस कुठलाही कसं म्हणतो? याचा अर्थ याला माहिती नाही.” सलूनमधल्या मुलाला फार माहिती होती म्हणून तो संशयित, आणि याला कमी म्हणून हा. मेडिकलवाल्याने पुढे एक बरी गोष्ट सांगितली होती, की कोंडा असता तर केटोकोनॅझोलवाला शाम्पू दिला असता, पण ते औषध आहे, डॉक्टरांना विचारून लावायचं, पाच मिनिटं डोक्यावर ठेवायचं, रोज नाही. तीही वहीत गेली. शेरा : ‘विषयाशी संबंध नाही.’

मग सुरू झाली लेबलांची तपासणी. ही गाडीत चाले. ठाणे येईपर्यंत नंदाताई मोबाइलवर बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो दोन बोटांनी ताणून वाचत आणि मी दांडीला लोंबकळत ऐके. घटकांची यादी सगळ्यांच्याच बाटलीवर असते, पण ती लावायचा नियम असतो हे मला नंदाताईंमुळे कळलं. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापायचे, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यामागे कुठल्याही क्रमाने. पहिलं नाव दोन्ही बाटल्यांवर एकच, एक्वा. “पाणी,” नंदाताई म्हणाल्या. “लॅटिनमध्ये लिहिलं की शंभर रुपये वाढतात.” मेडिकलच्या बाटलीवर दुसरं नाव सोडियम लॉरेथ सल्फेट, फेस आणणारं. सलूनच्या सल्फेट-फ्री बाटलीवर त्याच्या जागी दुसरं, सौम्य काहीतरी, उच्चारायला आणखी अवघड. पण त्याच सलूनच्या फळीवरच्या दुसऱ्या बाटलीवर, जी सल्फेट-फ्री नव्हती आणि तरी आठशेची होती, तिच्यावर पुन्हा तेच सोडियम लॉरेथ सल्फेट. ही नोंद त्यांनी लाल पेनाने केली.

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात आर्गन तेल, केशर, मोती, कांदा, काय वाटेल ते असतं. मागे ते बहुतेकदा सुगंधी द्रव्याच्या आसपास किंवा त्याच्याही मागे सापडतं. “सुगंधाच्या मागे जो आला, तो नुसता मस्टरवर सही करून गेलेला,” असा निर्णय नंदाताईंनी मुंब्र्याच्या बोगद्यात दिला, आणि डब्यातल्या चार जणींनी घरी जाऊन आपापल्या बाटल्या उलट्या करून पाहिल्या. एकीची कांद्याच्या शाम्पूवरची श्रद्धा त्या दिवशी संपली. तिने तो नवऱ्याला दिला.

त्याहून मोठा धक्का मालकांचा. सलूनमधले आणि दुकानातले म्हणजे दोन वेगळे पक्ष, असं नंदाताई धरून चालल्या होत्या. तसं नाही निघालं. लॉरिआल प्रोफेशनेल, केरास्टास, मॅट्रिक्स हे सलूनमधले, आणि गार्निए दुकानातलं, सगळं घर एकच. युजेन श्यूलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली काढलेली कंपनी. त्याने सुरुवात पॅरिसच्या केशकर्तनकारांना केसांचा रंग विकण्यापासून केली होती. ट्रेझमे हाही अमेरिकेत आधी सलूनसाठी निघालेला माल, आता हिंदुस्तान युनिलिव्हरच्या कृपेने आपल्या वाण्याकडे पुडीत लटकतो. लॉरिआलचा एक कारखाना चाकणला आहे हे कळल्यावर नंदाताईंना जो आनंद झाला तो त्यांना वेतन आयोगाचा फरक मिळाला तेव्हाही झाला नव्हता. “पॅरिस पॅरिस करतात! घाट उतरून आलं की झालं.”

इथे मी एकदा मधे बोलले. एका मालकाचे दोन माल आहेत म्हणून दोन्ही बाटल्यांत एकच गोष्ट भरलेली असते असं नाही. रंगवलेल्या, सरळ करून घेतलेल्या केसांना सौम्य शाम्पूचा उपयोग होतोही. रंग नुसत्या पाण्यानेही उतरतो, पण थोडा कमी उतरला तर काय वाईट? नंदाताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “हे लेखी दे.”

तिसरं दरपत्रक आलं वाण्याकडून, आणि सगळ्यात अनपेक्षित तेच. बाटलीवर हल्ली मिलीमागचा भाव छापलेला असतो. नंदाताई तो वाचतात आणि मग स्वतः काढून बघतात. सलूनची बाटली : तीनशे मिली, साडेआठशे रुपये, म्हणजे मिलीला दोन रुपये त्र्याऐंशी पैसे. वाण्याकडची पुडी : एक रुपया, सहा मिली. मिलीला सतरा पैसेसुद्धा नाहीत. गंमत म्हणजे तोच शाम्पू बाटलीत घेतला तर मिलीमागे कितीतरी महाग पडत होता. जगात सगळीकडे जास्त माल घेतला की स्वस्त पडतो. आपल्याकडे शाम्पूच्या बाबतीत उलटं आहे, आणि ते करून ठेवलं तमिळनाडूतल्या कडलूरच्या एका बापलेकांनी. चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीत घातला, त्यांच्या मुलाने, रंगनाथन यांनी, १९८३ साली चिक काढला, आणि बाटली विकत घेण्याची ऐपत नसलेल्या लाखो घरांत शाम्पू पोचला. नंदाताईंनी या माणसांबद्दल ज्या आदराने माहिती दिली, तो आदर त्यांनी आमच्या कुठल्याही सचिवाला दाखवलेला नाही.

लगोलग पुड्यांच्या माळा घरी आल्या. पन्नास पुड्या, पन्नास रुपये, तीनशे मिली. सलूनची अख्खी बाटली पन्नास रुपयांत! नंदाताई महिनाभर इतक्या खुशीत होत्या की ऑफिसातली दोन वैद्यकीय बिलं विनाआक्षेप पास झाली.

पुडीची अडचण ती वापरणाऱ्यालाच कळते. ओल्या हाताने ती फाटत नाही. कात्री बाथरूममध्ये न्यायची राहते. मग दात. दाताने तोडलेला कोपरा थुंकला की तो पाण्याबरोबर जाळीखाली. एका धुण्याला एक पुडी पुरत नाही, म्हणून दोन. घरात बायका तीन. पावसाळ्यात एका सकाळी मोरी तुंबली आणि पाणी पॅसेजमध्ये आलं. प्लंबरने तार घालून जो गोळा वर काढला तो नंदाताईंनी वर्तमानपत्रावर ठेवून तपासला : केस, आणि केसांत गुंतलेले पुड्यांचे रंगीत कोपरे. प्लंबरने आठशे रुपये घेतले.

नंदाताईंनी ते तक्त्यात लावले. लावायलाच हवेत, वस्तूच्या वापराशी थेट संबंधित खर्च आहे. पन्नास अधिक आठशे, एकूण साडेआठशे. तीनशे मिली. सलूनच्या बाटलीचा भाव, पैशापैशाने.

त्या दिवशी त्या कोणाशी बोलल्या नाहीत.

घरात त्यांना आधार मिळेल असंही नाही. भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, आयुष्यभर अंगाला लावायचा साबण डोक्याला लावत आले आहेत, जो असेल तो, कधी कपड्यांचाही, आणि साठीला त्यांच्या डोक्यावर कंगवा मोडेल एवढे केस आहेत. या विषयावर ते एकच वाक्य बोलतात, “मी काय करतो?” आणि टॉवेल घेऊन जातात. अनेक मराठी घरांत हा पुरुष आहे आणि तो संसारातल्या अर्ध्या भांडणांचं मूळ आहे असं माझं मत आहे.

सासूबाईंचं मत घ्यावं असं मीच सुचवलं होतं. ऐंशी ओलांडलेली बाई. आता शिकेकाई, रिठे, आवळकाठी, जास्वंदीची पानं, पातेल्यात उकळणं, सगळं ऐकावं लागणार म्हणून आम्ही तयारीने बसलो. सासूबाईंनी श्रवणयंत्र नीट केलं आणि म्हणाल्या, “अगं, शिकेकाई चांगली होती म्हणून नव्हतो लावत. दुसरं काही नव्हतं. डोळ्यांत गेली की दिवसभर आग. मला तो पिवळ्या बाटलीतला आण, बाळांचा.” नंदाताईंना चौथा रकाना आखावा लागला.

अशी माणसं तुम्ही पाहिली असतील. पैसे नसतात म्हणून त्यांचं अडत नाही. सातव्या वेतन आयोगात नंदाताईंना साडेआठशेची बाटली सहज परवडते. आणि त्या कंजूषही नाहीत. साखरपुड्याला जेवण काय दिलं होतं! अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. महाग घेतलं तर दुकानदाराने आपल्याला बनवलं, स्वस्त घेतलं तर आपणच आपल्याला कमी लेखलं, या दोन भीतींच्या मधोमध ही माणसं उभी असतात. शाम्पूने केस धुतले जातात यावर त्यांचं समाधान होत नाही. कोणीतरी शिक्का मारून सांगायला हवं की तुमचा निर्णय बरोबर आहे, यात तुमची एका पैशाचीही फसवणूक झालेली नाही. तसं प्रमाणपत्र कुठल्याच बाटलीबरोबर येत नाही. आमच्या बिल्डिंगमधले एक काका स्कूटरच्या इंजिन ऑइलबद्दल असेच आहेत. स्कूटर विकून चार वर्षं झाली, चौकशी चालू आहे.

सरकारने तरी काही मार्ग काढावा? २०२५ सालच्या सप्टेंबरात जीएसटी उतरणार अशी बातमी आली तेव्हा नंदाताईंना आशा वाटली. कर उतरेपर्यंत शाम्पू घेणं बंद, घरात जी पुडी असेल तिच्यावर भागवायचं, असा घरगुती आदेश निघाला. २२ सप्टेंबरला नवे दर आले. शाम्पूवरचा कर अठरा टक्क्यांवरून पाचवर. आणि सलूनच्या सेवेवरचाही अठरावरून पाचवर. दोन्हीकडे सारखंच. निकाल देण्याचं सरकारनेही टाळलं.

माझं मत कोणी विचारलेलं नाही, पण इतका प्रवास उभ्याने ऐकल्यावर ते देण्याचा हक्क मला पोचतो. शाम्पूचं काम टाळू धुणं. तो दोन-तीन मिनिटं डोक्यावर असतो आणि मग मोरीतून खाडीकडे निघून जातो. एवढ्या वेळाच्या पाहुण्यावर फार खर्च करू नये. पैसे घालायचेच तर कंडिशनरवर घालावेत, तो केसांवर थोडा मागे राहतो. केस रंगवले असतील तर सौम्य शाम्पू घ्या. तो आता दुकानातही मिळतो, त्यासाठी मॉलच्या पायऱ्या चढायला नकोत. कोंड्याला डॉक्टर. आणि एप्रिल-मेमध्ये बिल्डिंगमध्ये टँकरचं जड पाणी आलं की केस राठ होणारच. त्याचा राग बाटलीवर काढून उपयोग नाही, सोसायटीच्या सभेत काढावा.

नंदाताईंच्या बाथरूमच्या खिडकीत सध्या काय आहे ते मी परवाच पाहिलं. सलूनची बाटली, तिच्यावर स्केचपेनने उघडल्याची तारीख, ती शनिवारी. मेडिकलची बुधवारी, झाकण खाली करून उलटी ठेवलेली, म्हणजे शेवटचा थेंब वाया जात नाही. बाळांचा पिवळा, त्यावर ‘आई’ असं नाव. एका डब्यात पुड्या, आणि डब्याला दोऱ्याने बांधलेली कात्री. वहीत डावीकडे केस धुतल्याची तारीख, उजवीकडे कंगव्यात आलेले केस, मोजून. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं सगळ्यांचंच चालू असतं असं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांची सरासरी साठच्या आत आहे. त्यावर शेरा आहे, ‘समाधानकारक, तथापि कारणे स्पष्ट होत नाहीत.’

प्रकरण अजून विचाराधीन आहे. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, त्याआधी निकाल लागेल अशी चिन्हं नाहीत.

नंदाताईंचे केस, सांगायचं राहूनच गेलं, उत्तम आहेत. पहिलं दरपत्रक यायच्या आधीही ते उत्तमच होते.